वजनकाकांचा जबाब

वजनकाका नव्या माणसाला आधी त्याचं वजन सांगत आणि मग नमस्कार करत. आमची पहिली भेट तलावाच्या जेटीवर झाली. मी तेव्हा बडोद्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि शहराबाहेर नव्यानं उघडलेल्या एका रिसॉर्टवर अर्धं पान लिहायला गेलो होतो. जेटीवर खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घातलेला, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस उभा होता. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "एकसष्ट. पिशवीसकट चौसष्ट. तुम्ही डावीकडे, दुसऱ्या बाकावर." दुसऱ्या दिवशी मी रेल्वे स्टेशनवरच्या यंत्रात नाणं टाकलं. कार्डावर एकसष्ट छापून आलं. मागच्या बाजूला भविष्य होतं, ते चुकलं.

त्यांचं आडनाव शिर्के. पण ते रेशनकार्डापुरतं. भजीवाला, पावती फाडणारा माणूस, मालक शेठ आणि रविवारी येणारी कुटुंबं, सगळ्यांच्या तोंडी वजनकाकाच. पणजोबा संस्थानच्या पागेत होते. ते स्वतः प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुदतीआधी बाहेर पडले. त्याच सुमारास शेठनी तलावाकाठची जमीन घेतली. आसपासच्या कारखान्यांमुळे शहरात पैसा येत होता आणि लोकांना रविवारी कुठेतरी जायचं होतं. शेठनी बोट आणली, पण ती चालवणारं कोणी नव्हतं. वजनकाकांनी तोवर बोट चित्रातच पाहिली होती. ते म्हणाले, "शेठ, इंजिन जमिनीवरचं असो की पाण्यातलं, खोटं बोलत नाही. चार दिवस द्या."

बोट म्हणजे दोन लांब, बंद नळकांड्यांवर ठेवलेला सपाट ओटा. लांबी पंचवीस फूट, चारी बाजूंनी कठडा, वर ताडपत्रीचं छत. अशा बोटीला पॉन्टून म्हणतात. बडोद्याची माणसं तिला तरंगता ओटला म्हणत. मशीन मागच्या बाजूला बाहेर लटकवलेलं. त्याचा पंखा असलेला दांडा पाण्यात सरळ उभा ठेवायचा की थोडा मागे उचलायचा, त्यावर बोटीचं नाक ठरतं. दांडा आत घेतला की नाक खाली जातं, बाहेर काढला की वर येतं. फारच बाहेर काढला तर पंखा पाण्याऐवजी हवा घेतो, मशीन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. दांड्याचा हा कल बदलण्याला ट्रिम म्हणतात. वजनकाका या एका विषयावर अकरा वर्षं बोलत राहिले, आणि मी अनेकदा जेटीवर बसून ते ऐकलं.

पहिल्या मशीनला कल बदलायला पाच भोकं आणि एक खीळ होती. बोट थांबवायची, मशीन उचलायचं, खीळ काढून दुसऱ्या भोकात घालायची. दहा मिनिटं जात. वजनकाका ते काम पाण्यात बोटीमागे लोंबकळत करत आणि प्रवाशांना सांगत, "बसून राहा, नाक दुरुस्त करतोय." पुढे परदेशी मशीनं मिळणं सोपं झालं आणि शेठनी बटणाचं मशीन आणलं. बटण दाबलं की दांडा आपोआप आत किंवा बाहेर. शेठना वाटलं, काका खूश होतील. काकांनी बटण दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. आता लोक म्हणणार, बसा कुठेही, काका बटण दाबतील." मग त्यांनी जे वाक्य उच्चारलं ते पुढे सगळ्या जेटीला पाठ झालं. "बटणाचं काम दोन आणे. बसण्याचं चौदा आणे."

बसण्याच्या बाबतीत त्यांचे तीन नियम होते. पुढच्या बाकांवर चारांहून जास्त माणसं नाहीत. चालत्या बोटीत कोणी उठायचं नाही. आणि पुढच्या कठड्याला जे फाटक होतं त्याच्या बाहेर, दोर बांधायला ठेवलेल्या हातभर रुंद जागेवर, कोणीही पाऊल ठेवायचं नाही. "तिथनं पडलेला माणूस बाजूला जात नाही," ते सांगत. "दोन नळकांड्यांच्या मधनं सरळ पंख्याकडे येतो."

एकदा शेठचे खास पाहुणे आले होते. त्यांत एक बांधकाम व्यावसायिक होता, काकांच्या अंदाजानं एकशे आठ किलो. तो पुढच्या बाकावर ऐसपैस बसला आणि हलायला तयार होईना. काकांनी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. मग मशीन बंद केलं, जेटीवर येऊन बसले आणि शेंगदाणे खाऊ लागले. शेठ धावत आले.

"काका, मेहमान छे. आ शुं करो छो?"

"बेठो छुं, शेठ. ते पण बसलेत. दोघं निवांत बसू."

पंचवीस मिनिटं तसंच चाललं. शेवटी त्या गृहस्थालाच हसू आलं आणि तो मागे जाऊन बसला. परतल्यावर त्यानं काकांच्या पाठीवर थाप मारली. काका म्हणाले, "एकशे सहा. दोन किलो तुमच्या मोबाइलचे आणि चाव्यांचे असतील."

बायकांच्या बाबतीत मात्र त्यांना एकदा चांगलाच फटका बसला. शहरातल्या वाडी भागातल्या एका मोठ्या कुटुंबातल्या सासूबाईंचं वजन त्यांनी सुनांसमोर मोठ्यानं सांगितलं. सुना हसल्या. सासूबाई बोटीत चढल्याच नाहीत आणि जाताना जेटीवर उभं राहून काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेल्या. तेव्हापासून काका बायकांना आकडा सांगत नसत. त्याऐवजी अत्यंत अदबीनं म्हणत, "बेन, तमे वच्चे बेसो, त्यां पवन सारो आवे छे." मधल्या बाकावर वारा चांगला येतो, हे धादांत खोटं होतं; सगळ्यात कमी वारा तिथेच येई. माझ्या माहितीत त्यांनी बोललेलं हे एकमेव खोटं, आणि ते दर रविवारी दहा-बारा वेळा बोलत.

मी त्यांना विचारलं होतं की समजा कधी नाक पाण्यात गेलंच, तर काय करायचं. ते म्हणाले, "घाबरलेला माणूस आधी मशीन बंद करतो. तीच चूक. बोट एकदम थांबली की मागची लाट येऊन ढकलते, माणसं पुढे घसरतात, नाक आणखी खाली. वेग हळूहळू कमी करायचा, दांडा बाहेर काढायचा, माणसं मागे घ्यायची." मग म्हणाले, "पण पाण्यात कोणी पडला असेल तर बंद करावंच लागतं. तेव्हा दोन्हींकडनं मार. म्हणून म्हणतो, आधी नीट बसा."

प्रतापनगरच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. काकू मितभाषी. एकच मुलगी, वैशाली. ती एका शाळेत गणित शिकवत असे आणि वडिलांची थट्टा करण्याचा हक्क फक्त तिलाच होता. "बाबा, घरात पाहुणे आले की तुम्ही त्यांना कुठे बसवायचं याचा विचार करता. घर बुडत नाही." ते उत्तर देत, "घराला ट्रिम नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते."

वैशालीला स्थळ आलं ते त्यांच्या अपेक्षेपेक्षा फार वरचं होतं. मुलगा इंजिनिअर. वडील निवृत्त प्राध्यापक. त्यांचं घराणं संस्थानच्या दफ्तरात तीन पिढ्या लिहीत आलेलं. मुलाची आई लहानपणीच गेली होती. त्याला त्याच्या आत्यानं वाढवलं होतं. आत्याबाई विधवा, एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. वजनकाका मला म्हणाले, "आमच्याकडे तलवार, त्यांच्याकडे शाई. तलवार गंजली. शाई वाचता येते अजून." ते आनंदात होते आणि जरा बिचकलेलेही. साखरपुडा झाला. लग्न दोन महिन्यांवर होतं. व्याह्यांनी सहज म्हटलं, तुमची बोट एकदा दाखवा. काकांनी शेठना विचारून रविवारची सकाळ ठरवली. मलाही बोलावलं.

त्या दिवशी बोटीवर चौदा माणसं होती. व्याह्यांकडची नऊ, काकू, वैशाली आणि वैशालीचा मामा, मी, आणि मशीनवर काका. चौदा माणसं त्या बोटीला जड नव्हती. रविवारी वीस असत.

काका मशीनची नळी तपासायला मागे गेले होते. तेवढ्यात मामानं पुढचं फाटक उघडलं आणि बाहेरच्या त्या हातभर जागेवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. "व्याहीबुवा, आत्याबाई, तुम्ही इथे. मान तुमचा, तुम्हीच पुढे." प्राध्यापकांनी एकदा नको म्हटलं, जसं म्हणतात तसं, आणि बसले. आत्याबाई शेजारी बसल्या. मुलाचा चुलता, चुलती आणि दोन चुलत बहिणी पुढच्या बाकांवर बसल्या. मागचे बाक जवळजवळ रिकामे होते. मुलीकडच्यांनी मागे बसायचं, हे न सांगता ठरलेलंच होतं. तरंगायची जॅकेटं मात्र सगळ्यांच्या अंगात होती, कारण जेटीवरचा पावती फाडणारा माणूस ती घातल्याशिवाय कोणाला आत सोडत नसे.

काका पुढे आले. खुर्च्या पाहून ते थांबले. मी त्यांच्यापासून चार फुटांवर होतो, म्हणून खात्रीनं सांगू शकतो की त्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नको अशी मान किंचित हलवली. काकांनी प्राध्यापकांकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं. प्राध्यापक म्हणाले, "छान जागा आहे हो, शिर्के." काका म्हणाले, "हो." मग ते मागे गेले. मी वाट पाहत होतो की ते वाऱ्याचं ते वाक्य तरी बोलतील. तेही ते बोलले नाहीत. मशीन सुरू झालं. मला धक्का बसला तो त्या क्षणी. पुढे जे घडलं त्याचा नंतर बसला.

वीस मिनिटं काही झालं नाही. काकांचा अंगठा बटणावरच होता. दांडा बाहेर, आणखी बाहेर, नाक कसंबसं वर. मधूनच पंखा हवा घेई आणि मशीनचा आवाज चढे, की ते दांडा केसभर आत घेत. एरवी फेरीत तलावाची गोष्ट सांगणारा माणूस अवाक्षर बोलत नव्हता. त्यांच्या बनियनला पाठीवर घामाचा पट्टा उमटला होता, आणि ती जानेवारीची सकाळ होती.

तलावाच्या पलीकडच्या टोकाला बोट वळवायची असते. वळताना पंख्याला पाणी धरावं लागतं, म्हणून दांडा आत घ्यावा लागतो, आणि नाक थोडं उतरतं. काकांनी दांडा आत घेतला. नेमक्या त्याच वेळी मुलाचा चुलतभाऊ कॅमेरा काढून मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "सगळे पुढे या, आत्याच्या मागे उभे राहा. पाठीमागे तलाव छान येतोय." सहा जण उठले. वैशालीलाही कोणीतरी हाताला धरून पुढे नेलं.

काका ओरडले, "बसा." त्या फेरीतला त्यांचा तो पहिला शब्द. मशीनच्या आवाजात तो मागच्या दोन बाकांच्या पलीकडे गेला नाही.

नाक पाण्यात गेलं. पाणी फाटकातून आत आलं, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. कोणी किंचाळलं नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. उभी असलेली माणसं कठड्याला धरून लोंबकळली. आत्याबाईंची खुर्ची घसरली आणि त्या खुर्चीसकट पुढे पाण्यात गेल्या.

पंचवीस फुटांची बोट त्या वेगात एका माणसावरून जायला साधारण तीन सेकंद घेते. मशीन बटणानं पूर्ण वर यायला आठ सेकंद लागतात. हे आकडे नंतर तपासणीत निघाले. काकांना ते आधीपासून माहीत होते. मशीन चालू ठेवलं तर पंखा आत्याबाईंवर. बंद केलं तर नाक आणखी खाली, आणि पुढे त्यांची स्वतःची मुलगी उभी होती. त्यांनी मशीन बंद केलं आणि दांडा उचलायचं बटण दाबून धरलं. मागची लाट आली. बोट पुढे कलली. प्राध्यापक आणि वैशाली पाण्यात पडले आणि जॅकेटांमुळे बाजूला तरंगत राहिले. आत्याबाई मागच्या बाजूनं वर आल्या, शुद्धीवर. थांबत आलेल्या पंख्याचं पातं त्यांच्या डाव्या पावलावर लागलं होतं. काकांनी उडी मारून त्यांना धरलं. पाणी लाल होत होतं. काका त्यांना म्हणत होते, "माझी चूक, माझी चूक," आणि त्या म्हणत होत्या, "आधी वर घ्या मला."

डाव्या पायाची तीन बोटं आणि पावलाचा पुढचा भाग काढावा लागला. जीव वाचला. बाकी कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बातमी मीच लिहिली, आतल्या पानावर, सात ओळी.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी जबाब घेतले. प्राध्यापकांनी सांगितलं की चालकानं आम्हांला दोन वेळा मागे बसायची विनंती केली होती, आम्ही ऐकलं नाही, चूक आमची आहे. उरलेल्या मंडळींनी तेच सांगितलं आणि सह्या केल्या. त्यांना कोणी तसं सांगायला लावलं नव्हतं. होऊ घातलेल्या सोयऱ्यावर खटला होऊ नये, एवढ्यासाठी ती सज्जन माणसं स्वतःहून खोटं बोलली होती. मुलगी त्यांच्या घरी यायची होती.

काकांचा जबाब सर्वांत शेवटी झाला, कारण ते दवाखान्यातून हलायला तयार नव्हते. मी त्यांच्यासोबत गेलो. फौजदार गुजराती, शांत स्वभावाचे. त्यांनी इतरांच्या जबाबांवरून मजकूर तयारच ठेवला होता. त्यांनी तो वाचून दाखवला आणि सहीसाठी पुढे केला. काका म्हणाले, "मागे बसायला सांगितलं होतं, ही ओळ काढा."

फौजदारांना वाटलं, काका गोंधळले आहेत. "काका, ए लोको पोते कहे छे के तमे कह्युं हतुं. तमने शुं वांधो छे?"

"मने वांधो छे, साहेब. मी सांगितलं नाही."

"नऊ माणसं सांगतात की सांगितलं."

"नऊ माणसं भली आहेत. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, त्या दिवशी नाही सांगितलं. फाटकाबाहेर खुर्च्या होत्या, मी पाहिल्या, आणि मशीन चालू केलं. असं लिहा."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. माझा जबाब अजून व्हायचा होता. काकांनीही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे माझ्यापासून चार फुटांवर होते. यांना विचारा, मी बोललो का." मी म्हटलं, नाही बोलले. फौजदारांनी नवा कागद घेतला.

अपघाताची बडोद्याच्या मराठी घरांत चार दिवस हळहळ झाली. जबाबाचा धक्का कित्येक महिने ओसरला नाही. लग्नसमारंभात, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत लोक मला विचारत, खरंच त्यांनी असं लिहून दिलं? वेड लागलं होतं का त्यांना? समोरून सुटका चालून आली होती. काकांवर निष्काळजीपणाचा खटला झाला, दंड झाला, बोट चालवायची परवानगी गेली. ते सगळं त्यांनी गृहीत धरलं होतं. जे गृहीत धरलं नव्हतं ते आठवडाभरानं आलं. एक मध्यस्थ साखरपुड्याची साडी आणि अंगठी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. प्राध्यापकांचा निरोप त्यानं शब्दशः सांगितला. "आम्ही त्यांच्यासाठी खोटं बोललो. त्यांनी आम्हांला पोलिसांत खोटं पाडलं. अशा घरी सोयरीक कशी करायची?"

मुलगा आला नाही. त्याचा फोनही आला नाही. वैशालीनं तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी शाळेत गेली.

वजनकाका एकोणीस दिवस रोज दवाखान्यात जात होते. सोयरीक मोडल्यानंतरही. आत्याबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळी दहा ते बारा बसत. प्राध्यापक त्यांच्यासमोरून आत जात आणि बाहेर येत, बोलत नसत. आत्याबाईंनी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही. विसाव्या दिवशी त्यांना घरी सोडलं, आणि काकांचं जाणं थांबलं.

त्यानंतर ते घरी मिक्सर आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करत. काम चोख. कोणाला वजन सांगितल्याचं मी पुन्हा ऐकलं नाही. वैशालीनं पुढच्या जूनमध्ये सुरतच्या एका शाळेत नोकरी घेतली. जाण्याआधी बापलेकीत जे बोलणं झालं ते मला काकूंनी सांगितलं. वैशाली म्हणाली, "बाबा, नुसती सही केली असतीत. तुम्हांला एक शब्दही खोटं बोलावं लागत नव्हतं. गप्प बसायचं होतं फक्त."

काका म्हणाले, "गप्प बसून काय होतं ते बघितलं ना, बाळा."

"खरं तुम्ही बोललात," ती म्हणाली. "भोगलं मी."

ती सुरतेला गेली. ती दिवाळीला येई, चार दिवस राही, आईशी बोले. वडिलांना जेवायला वाढी, औषधं आणून देई. काकू म्हणत, "रुसवा असता तर काढता आला असता. हा रुसवा नाही."

सहा वर्षांनी एका दुपारी मोटर उघडून बसले असताना वजनकाका गेले. छातीत दुखल्याचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. वैशाली रात्रीच्या गाडीनं आली. स्मशानात तिनं स्वतः अग्नी दिला. भाऊबंदांपैकी दोघांनी हरकत घेतली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि आत्याबाई उतरल्या, काठी टेकत. तेवढं अंतर यायला त्यांना बराच वेळ लागला. वैशालीनं उठून खुर्ची दिली. त्या बसल्या. काकूंचा हात हातात घेतला. मग वैशालीकडे वळल्या.

"एक विचारायचंय तुला. त्यांना विचारायला हवं होतं, ते राहिलं. दवाखान्यात रोज बाहेर बसायचे. मला दिसायचे दारातून. बोलावलं नाही मी."

"मला माहीत आहे."

"तुझे वडील म्हणाले, मी सांगितलं नाही म्हणून झालं. मी सहा वर्षं विचार करतेय. त्यांनी सांगितलं असतं, तर मी उठले असते का?" त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "तीस वर्षं मी शाळा चालवली. मुलाकडची होते. एका बोट चालवणाऱ्यानं ऊठ म्हटलं म्हणून मी उठले नसते, वैशाली. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणजे त्यांनी सांगून काही फरक पडला नसता. हे त्यांना कळायला हवं होतं. उगाच ओझं घेऊन गेले."

काकू रडू लागल्या. वैशाली रडली नाही. तिनं सावकाश, वर्गात एखादी पायरी समजावून सांगावी तसं सांगितलं.

"तुम्ही उठला नसतात, आत्या. पण मग बाबांनी बोट सोडली नसती."

आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"लग्न मोडलं असतं तरी?"

"तरी," वैशाली म्हणाली. "एकदा तोंडातून शब्द निघाला असता, तर तुमचा मान, माझं लग्न, काही आड आलं नसतं. तो काढायचाच राहिला. त्यांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असतं, चहा दिला असता, आणि मानलं नसतं."

वडिलांविषयी तिला इतकं सलग बोलताना मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. त्यात तिनं त्यांना माफ केलं होतं की दोषी धरलं होतं, ते मला ठरवता आलं नाही. बहुधा तिलाही ते वेगळं करायचं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं," आणि उठण्यासाठी हात पुढे केला. वैशालीनं तो धरला आणि त्यांच्या चालीनं, एकेक पाऊल, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली.